धवल्याची पहिली ओळ

हल्लीच्या गाण्यांनी माणसं बिघडतात, असं आमच्या आळीत दर चार दिवसांनी कुणीतरी म्हणतं. कल्याणात नाटकमंडळी उतरली की त्या म्हणण्याला जास्तच धार येते. म्हणणारे गृहस्थ स्वतः तीच पदं आंघोळ करताना गुणगुणतात, ते सोडा. माझं मत उलटं आहे. माणसं आधी बदलतात, घरातल्या घरात, कुणाला न सांगता. गाणं त्यांच्या मागून येतं आणि सगळं उघडं करून ठेवतं.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या वडिलांच्यात. ठाण्याला खोपटच्या मागे खाडीच्या अंगाला आमची वस्ती. आम्ही आगरी, मिठागरावरची माणसं. मीठ ओढताना आणि पाट्या वाहताना पुरुष एका सुरात गायचे, त्यात वडिलांचा आवाज लांबूनही वेगळा ओळखू यायचा. पुढे त्यांना आगराचा ठेका मिळाला, घरावर कौलं चढली आणि त्यांचं गाणं थांबलं. कुणी मना केलं नव्हतं. ठेकेदारानं बांधावर उभं राहायचं असतं, गायचं नसतं, हे त्यांना आपोआप कळलं असावं. थोड्या दिवसांनी आईला त्यांनी जात्यावर हळू गायला सांगितलं, कारण ओटीवर मीठखात्याची माणसं येऊन बसायला लागली होती. आई हळू गायला लागली, मग गायचीच बंद झाली.

घरात एकच माणूस होतं ज्याला हळू गाणं माहीत नव्हतं. ती माझी आत्या.

आत्या वडिलांची थोरली बहीण. तिला खाडीपलीकडे, डोंबिवलीच्या बाजूच्या एका गावात दिलेली होती. तरणी असतानाच नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली. आमच्यात पाट लावायला, म्हणजे विधवेनं दुसरं लग्न करायला, आडकाठी नव्हती, मागणीही आली होती म्हणतात. तिनं लावला नाही. सासरी असताना तिनं तिथल्या म्हाताऱ्या धवलारणीकडून धवले उचलले होते आणि परत आल्यावर ती स्वतः धवलारीण झाली होती.

धवलारीण म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. आमच्यात लग्न लावायचं काम बाईचं असे. ती मांडवाच्या मेढीपाशी, म्हणजे मधल्या खांबापाशी, सूप, नारळ आणि तांदळाची रास घेऊन बसायची आणि गायची. त्या गाण्यालाच धवले म्हणायचं. पोथी नाही, काही नाही. मेढ कधी रोवायची, हळद कधी दळायची, नवरीला पाटावर कधी बसवायचं, हे सगळं गाण्यात यायचं आणि गाण्यात आलं की करायचं. त्याआधी ती देवांना बोलवायची, डोंगरावरच्या आईपासून वेशीवरच्या देवापर्यंत. मग दोन्ही घरची मेलेली माणसं. घरातल्या वडीलधाऱ्यानं एकेकाचं नाव सांगायचं, तिनं ते ओळीत बसवायचं. पितरांना आवतण गेल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी धरत नसे. ती एक ओळ म्हणायची आणि मागे बसलेल्या बायका तीच ओळ परत उचलायच्या.

आत्याचं कपाळ पांढरं होतं, आणि ती मांडवाच्या ऐन मधोमध बसायची. त्यात कुणाला काही वाटत नसे. वाटायची ती तिची भीती. धवला चालू असताना कुणी बोललेलं तिला खपायचं नाही. एकदा एका नवऱ्याच्या मामानं मध्येच मोठ्यानं पान मागितलं, तर तिनं देवांपासून परत सुरुवात केली आणि सगळी पंगत दुपार कलेपर्यंत उपाशी राहिली. त्या मामाला लोक पुढे बरीच वर्षं पान विचारायचे. आसपासच्या गावांतल्या बहुतेक पोरींची लग्नं तिनंच लावलेली. तिला स्वतःला पोर नव्हतं. माझं लग्न लावायचं तिच्या मनात मी पाळण्यात असल्यापासून होतं आणि हे ती सगळ्यांना, न विचारता, सांगत असे.

मी तेराएक वर्षांची असताना मला डोंबिवलीकडचं स्थळ आलं. मुलगा मराठी शाळा पुरी करून कल्याणच्या मालधक्क्यावर कारकून लागला होता. आमच्यात तेव्हा कारकून म्हणजे अप्रूप. त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्या कारकुनीचा मुलापेक्षा जास्त अभिमान होता. त्यांनी मध्यस्थाबरोबर निरोप धाडला, की लग्न सुधारलेल्या पद्धतीनं होईल. भटजी कल्याणहून येतील, इंग्रजी बाजाही कल्याणहूनच येईल. धवले नकोत. आणि ती बाई मांडवात नको, शुभकार्यात तसं कपाळ बरं दिसत नाही.

वडिलांनी हो म्हटलं. मला वाटतं, त्यांना मनातून ते पटलंही होतं. त्याआधीच्या वर्षी टेंभी नाक्याजवळच्या एका वकिलांकडे ते लग्नाला जाऊन आले होते. तिथे विधवा बायका माजघरातून बाहेर येत नाहीत, हे त्यांनी पाहिलं आणि घरी येऊन दोन-तीनदा सांगितलं. मोठ्या घरात असं असतं, एवढंच ते म्हणायचे. आपलं घरही आता मोठं होत होतं.

आत्याला सांगायची हिंमत मात्र त्यांना झाली नाही. आईनं सांगितलं. आत्या दारात बसून मशेरी लावत होती. तिनं तोंड धुतलं आणि म्हणाली, "ज्याना मी नको, त्यांचे मांडवान मी कनाला जाऊ?" मग माझ्याकडे बघून, "तुजा काय चुकला नाय, बाय." हळदीच्या दिवशी ती सकाळीच आगरावर निघून गेली. मला वडिलांचा राग आला होता. पण त्या वयात बापाचा राग येऊन करायचं काय, तेही ठाऊक नव्हतं.

आता हळदीची गंमत ऐका. आईचा आणि काकूचा बेत असा होता, की भटजी संध्याकाळी येणार, तोवर आपण बायकांनीच माजघरात धवले म्हणून घ्यायचे. जन्मभर तेच तर म्हणत आलो. जातं मांडलं, हळकुंडं घातली, बायका गोल बसल्या आणि एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणीच सुरू करेना. तेव्हा कळलं, की सगळ्यांना धवले येत होते, पण मागून उचलायचे. पहिली ओळ प्रत्येक वेळी आत्यानं म्हटलेली होती. काकूनं एक ओळ काढली, ती हळदीची निघाली, देवांच्या आधीच. दुसरीनं काढली ती नवरी पाठवणीची. एक म्हातारी रडायला लागली. शेवटी ठाण्यातल्या माझ्या एका मावसबहिणीला ती शांतता सोसेना. तिला नाटकाचं एक पद येत होतं, ते तिनं गोड आवाजात म्हटलं आणि त्या पदावर मला हळद लागली. पदातली नायिका प्रियकर सोडून गेला म्हणून प्राण द्यायला निघाली होती. बायका मन लावून तिच्यामागून ओळी उचलत होत्या.

लग्नही तसंच झालं. बाजेवाल्यांनी लाल डगले घातले होते आणि पितळेची वाद्यं लखलखत होती. पहिल्यांदा त्यांनी पलटणीची काहीतरी चाल वाजवली. मग नवरदेव वेशीतून आत येताना त्यांनी जी चाल धरली ती तमाशातल्या एका लावणीची होती. तिच्यातले शब्द कुणी आमच्या ओटीवर उच्चारले असते तर वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं असतं. पुरुषांनी चाल ओळखली आणि ते मिशीत हसले. सासरे मान हलवत ताठ चालत होते. विधवा बाईच्या तोंडून देवांची नावं त्यांना नको होती, आणि ही लावणी डगला घालून आली म्हणून चालली. ते ढोंगी होते असं मी म्हणणार नाही. त्यांना खरोखरच ऐकू आली नसावी. त्यांनी डगले पाहिले.

सासरी पोचले तेव्हा उंबऱ्याच्या आत सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि कानाशी वाकून विचारलं, "धवला झाला का गो?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मंग तुजा लगीन झाला नाय," त्या म्हणाल्या. आवाजात राग अजिबात नव्हता. जेवणात मीठ पडलं नाही असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

आणि त्याप्रमाणे त्या वागल्या. घरात सून आलीय हे पितरांना कुणी कळवलेलंच नाही, मग तिच्या हातचा घास त्यांच्या पानात कसा जाईल? मला चुलीला हात लावू देईनात. देवापाशी जाऊ देईनात. गावात कुणाकडे हळद दळायची असली की पाच बायकांत माझी गणती होत नसे. पुरुषांच्या लेखी मी लग्न झालेली आणि बायकांच्या लेखी पाहुणी. खायला-प्यायला काही कमी नव्हतं, सासूबाई मला जवळ बसवून वाढायच्या. पण मी कोण, हे मला सांगता आलं नसतं. मी घाबरले होते. बायकांनी एकदा धरलेली गोष्ट पुरुष कधी सोडवू शकत नाहीत, एवढं तोवर कळलं होतं.

एक फायदा झाला, तो सांगते. मला काम नसे. नवऱ्याला ते बघवेना. रविवारी कल्याणहून येताना त्यांनी पाटी आणली आणि मला अक्षरं शिकवायला सुरुवात केली. मी आज हे लिहितेय ते सासूबाईंनी मला भाकरी थापू दिली नाही म्हणून.

भातं कापून झाली तेव्हा सासूबाईंनी मासळीवालीबरोबर आत्याला निरोप धाडला, की येऊन लग्न लावून जा. मागच्या दारानं ये, पुरुष घरात नसताना. चार दिवसांनी तीच मासळीवाली उत्तर घेऊन आली. आत्या म्हणाली होती, "येतय मी. पन फुडचे दारान. आन घरधनी घरान पायजे."

सासरे भडकले. असली बाई पुढच्या दारानं येणार आणि मी तिला पाट देणार? सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून फक्त एवढं केलं, की मला ओटीवर, रस्त्यावरून दिसेल अशा जागी बसवलं, आणि स्वतः दार सताड उघडं टाकून समोर चुलीपाशी कण्हत भाकऱ्या थापायला बसल्या. त्यांचे गुडघे दुखत, हे सगळ्या गावाला माहीत होतं. येणारा-जाणारा थांबायचा. कारकुनाची बायको ओटीवर पाटी गिरवते आणि म्हातारी चुलीपुढे, हे गावभर झालं. कल्याणच्या बाजारात कुणीतरी सासऱ्यांना त्याबद्दल विचारलंही. ज्या प्रतिष्ठेसाठी त्यांनी हे सगळं केलं होतं तीच आता चार माणसांत जात होती. शेवटी ते म्हणाले, "येऊ दे. एकदाच. बाजा-बिजा नाही, पाहुणे नाहीत."

आत्या एका रविवारी सकाळी आली. खाडी ओलांडून, तिथून चालत. पुढच्या दारानं आत आली, सूप खाली ठेवलं, अंगणात मेढ रोवायला सांगितली आणि बसली. सासऱ्यांकडे तिनं पाहिलं नाही. ते ओटीवर तोंड फिरवून पान जमवत बसले होते. मी आणि नवरा पाटावर. त्यांनी कचेरीतला कोट घातला होता, कारण या लग्नाला काय घालायचं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गावातल्या बायका, न बोलावता, एकेक करून आल्या आणि मागे बसल्या.

आत्यानं पहिली ओळ काढली. तिचा आवाज आता थोडा फाटला होता, पण हळू झाला नव्हता. रस्त्यावरचा एक गाडीवाला बैल थांबवून उभा राहिला.

देव झाले. मग तिनं गाणं थांबवलं आणि पहिल्यांदा सासऱ्यांकडे बघितलं. "तुजे घरचे सांग."

त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं. आजोबांचं, चुलत्याचं. आत्या एकेक ओळीत बसवत गेली, बायका उचलत गेल्या. मग ते थांबले.

"तुजे आयसचा नाव?"

ते काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यान बोल. तिना आयकू जाया पायजे."

त्यांनी मोठ्यानं सांगितलं. आत्यानं लगेच गायला घेतलं नाही. म्हणाली, "सासरी असताना तुजे लग्नान मी मागं बसून वली उचललेल्या. तुजी आयस मेढीजवल बसलेली. तवा तिचा कपाल पांढराच व्हता." एवढं बोलून तिनं ते नाव गाण्यात घेतलं. बायकांनी उचललं. सासरे उठून आत गेले आणि धवला संपेपर्यंत बाहेर आले नाहीत. पण आत्या निघाली तेव्हा तिला वाटेला लावायला ते वेशीपर्यंत गेले, हे मी स्वतः पाहिलं.

त्या दुपारी मी पहिल्यांदा भाकरी थापली. ती करपली, आणि सासूबाईंनी तीच पितरांच्या पानात ठेवली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण एका माणसाला एका सकाळी उमगलं म्हणून गाव थांबत नाही. आसपासच्या गावांत जिथे जिथे पैसा आला तिथे तिथे बाजा आला. डोंबिवलीला स्टेशन झालं, कल्याण जवळ आलं. धवलारणींना आमंत्रण जायचं, पण मांडवात नव्हे. आधी ओटीच्या कोपऱ्यात बसवायचे, मग माजघरात, मग तिकडेही नको झाल्या. आत्या जिथे बोलावतील तिथे जायची. तिला याचं दुःख होतं आणि ते ती शिव्या देऊन काढायची.

सासरे वारले. त्यानंतर दोन वर्षांनी धाकट्या दिराचं लग्न ठरलं. दीर इंग्रजी शिकलेला, स्वभावानं गरीब, आईवर जीव असलेला. सासूबाईंनी हौसेनं सगळी तयारी केली. धवलारीण बोलवायची म्हणाल्या, तर तो हसून म्हणाला, "आई, आता कोण करतं ते?" लग्नाच्या सकाळी त्या पांढरं लुगडं नेसून मांडवाकडे निघाल्या तेव्हा त्यानं त्यांचा हात धरला. "आई, तू आत बस. कल्याणचे लोक येणारेत."

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं त्या आता दार उघडं टाकून भाकऱ्या थापायला बसतील. पण त्या वळल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीशी बसल्या. त्यांचा नवरा मांडवात ज्या कपाळाला नको म्हणाला होता, ते आता त्यांचं कपाळ होतं. वरमाईच्या जागी थोरली सून म्हणून मी उभी राहणार होते.

आत्या पाहुणी म्हणून आलेली होती. ती बरीच म्हातारी झाली होती, काठी टेकत चालायची. मांडवात तिनं एक चक्कर मारली, सासूबाई कुठे दिसत नाहीत म्हणून कुणाला तरी विचारलं, आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. मी आरतीचं तबक घ्यायला आत आले तेव्हा दोघी जवळजवळ बसल्या होत्या आणि आत्या गात होती. मी तिला कधीच इतक्या हळू गाताना ऐकलं नव्हतं. सासूबाई ओळ उचलत होत्या. बाहेर बाजेवाले नाटकातलं एक पद वाजवत होते, फार सुरेख वाजवत होते.

देव झाले. आत्या थांबली. "घरचे सांग," ती म्हणाली. घरातलं वडीलधारं माणूस आता सासूबाईच होत्या.

त्यांनी सासऱ्याचं नाव सांगितलं, सासूचं सांगितलं.

"तुजे दादल्याचा?"

नवऱ्याचं नाव बाई घेत नाही. तो जिवंत असताना घेत नाही आणि मेल्यावरही घेत नाही. सासूबाईंनी त्यांना जन्मभर 'अवो' म्हणून हाक मारली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सून, मीही ते नाव तोंडातून काढू शकत नव्हते. बाहेरून मला कुणीतरी हाक मारली.

"त्याना कोन बोलवल मंग?" आत्या म्हणाली. "पोराचा लगीन हाय त्याचे."

सासूबाईंनी डोळे मिटले आणि नाव घेतलं. आत्यानं ते ओळीत बसवलं, मांडवात ज्यानं तिला येऊ दिलं नव्हतं त्याचं, बाकीच्यांइतक्याच सावकाश आणि नीट. सासूबाईंना उचलता येईना. बाहेरून परत हाक आली. मी तबक खाली ठेवलं, बसले, आणि सासऱ्यांचं नाव घेऊन ती ओळ म्हटली. मग पुढची नावं संपेपर्यंत मी तिथेच बसून राहिले.